कोपऱ्यातला आकडा

एकदा एक शिष्य आपल्या वृद्ध आचार्यांकडे गेला आणि त्याने त्यांना ग्राफिक्स कार्डाविषयी प्रश्न विचारला.

दृष्टांतातल्या शिष्याने आत्मा, माया, मोक्ष असे काहीतरी विचारायचे असते याची मला कल्पना आहे. पण माणूस ज्यापाशी अडतो तेच विचारतो, आणि हा शिष्य ग्राफिक्स कार्डापाशी अडला होता. निदान त्याची तशी समजूत होती. संगणकातले काही कळत नाही म्हणून कोणी पान उलटू नये. मलाही कळत नाही. इथे जेवढे लागते तेवढे मी एका जाणत्याकडून दोनदा समजावून घेतले आहे, आणि त्याने दुसऱ्यांदा सांगताना कपाळाला आठ्या घातल्या होत्या.

आचार्य म्हणजे जटाधारी ऋषी नव्हेत. ते निवृत्त विमानप्रशिक्षक होते. उमेदीची सगळी वर्षे त्यांनी लहान विमानांत शिकाऊ मुलांच्या शेजारी बसून काढली, आणि त्या मुलांच्या हातून जमिनीवर इतके दणके खाल्ले की त्यांची कंबर कायमची धरली. आता ते घरीच असत. जुने विद्यार्थी अडचण घेऊन आले की ऐकून घेत, मोजके बोलत, आणि कोणी फीचा विषय काढला तर रागावत. मुले त्यांना सर म्हणत. मी आचार्य म्हणतो, कारण हा शब्द हल्ली कोणासाठी वापरावा असा प्रश्नच पडतो आणि शब्द नुसता पडून आहे.

शिष्य तिशीचा होता. विमान चालवण्याचा परवाना त्याने मिळवला होता, नोकरी मात्र मिळाली नव्हती. विमान कंपनी उमेदवाराला घेण्याआधी आपल्या मोठ्या सिम्युलेटरमध्ये बसवते. ती हुबेहूब वैमानिकाच्या कक्षासारखी खोली असते, समोर पडदा असतो आणि मागे परीक्षक बसलेला असतो. तिथे विमान नीट उतरवून दाखवावे लागते. हा दोनदा गेला आणि दोन्ही वेळा त्याचे विमान धावपट्टीवर आपटले. त्या कंपनीच्या नियमाप्रमाणे तिसरी संधी ही शेवटची, आणि ती पुढच्याच आठवड्यात होती. दुसऱ्या कंपन्यांच्या वयाच्या अटीत तो आता बसत नव्हता. म्हणजे ही हुकली की विमानाशी त्याचा संबंध तिकीट काढण्यापुरताच उरणार होता.

सरावासाठी त्याने घरीच फ्लाइट सिम्युलेटर मांडला होता. संगणक, भला मोठा स्क्रीन, टेबलाला आवळलेला विमान वळवायचा दांडा, खाली पायाने दाबायची पेडल. आकाशात असेपर्यंत सगळे झकास चाले. पण महानगराचा विमानतळ जवळ आला की चित्र अडखळू लागे. धावपट्टी संथपणे पुढे येण्याऐवजी हिसके देत येई आणि शेवटी विमान आपटे. यावर शिष्याने एक साखळी लावली होती. संगणकातले चित्र काढणारे कार्ड जुने म्हणून चित्र अडखळते, चित्र अडखळते म्हणून घरी सराव होत नाही, सराव होत नाही म्हणून हात बसत नाही, आणि हात बसत नाही म्हणून परीक्षेत विमान आपटते. ही साखळी त्याने मित्रांना ऐकवली होती, नातेवाइकांना ऐकवली होती, केस कापणाऱ्यालाही ऐकवली होती. ऐकणारे मान डोलवत, कारण त्यांना दुसरे काही करण्यासारखे नसे.

गावात संगणकाचा एक व्यापारी होता. शिष्य त्याच्याकडे गेला आणि अमुक एक कार्ड हवे म्हणाला. व्यापाऱ्याने ते उत्तम आहे, लावल्यावर फरक दिसेलच, असे सांगितले. तुमचे नक्की काय बिघडले आहे, असे त्याने विचारले नाही. मी त्याला दोष देत नाही. गिऱ्हाईक दुखणे घेऊन येतच नाही, औषधाचे नाव घेऊन येते, आणि जे नाव घेतले ते देणे हा त्याचा धंदा आहे.

आता कार्ड येणार कुठून, तर वडिलांकडून. शिष्याची आई जाऊन काही वर्षे झाली होती. घरात बाप आणि मुलगा दोघेच. वडील पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, सत्तरीला टेकलेले. मुलाच्या शिक्षणात जे होते ते बहुतेक संपले होते. तेव्हा कार्डाच्या पैशांसाठी त्यांनी एका मंगल कार्यालयात देखरेखीचे काम धरले. लग्नसराईत सकाळपासून जेवणघराच्या दाराशी उभे राहायचे, पंगती बसवायच्या, वाढप्यांना हाका मारायच्या, कोणाच्या मामाला आधी बसवले नाही म्हणून बोलणी खायची. संध्याकाळी घरी येईपर्यंत त्यांच्या पायांवर सूज चढलेली असे आणि चपलेच्या पट्ट्याचा वळ उठलेला असे. मुलाला हे दिसत नव्हते असे नाही. एकदा नोकरी लागली की बाबांना खुर्चीवरून उठू देणार नाही, असे तो मनाशी म्हणे. मनाशी म्हणायला काही लागत नाही. या वाक्याचा मला राग येतो, कारण ते मी फार घरांत ऐकले आहे.

तर शिष्य आचार्यांकडे गेला तो प्रश्न विचारायला नव्हे, होकार घ्यायला. कार्ड बदलावे असे ठरले आहे, आपले काय मत, अशी त्याची मांडणी होती. आचार्यांनी विचारले की कार्ड बदलल्याने अडखळणे थांबेल हे कशावरून? शिष्याने सांगितले की सगळे तसेच म्हणतात. त्याने परदेशातल्या लोकांचे व्हिडिओ पाहिले होते, व्यापाऱ्याला विचारले होते, एका मित्राने कार्ड बदलल्यावर त्याचे विमान लोण्यासारखे चालू लागले होते. आचार्य म्हणाले की हे सगळे लोकांच्या यंत्राविषयी झाले. मग त्यांनी दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच्या घरी येतो असे सांगितले. शिष्याला ते आवडले नाही, पण नाही कसे म्हणणार?

दुसऱ्या दिवशी आचार्य कंबर धरत दोन जिने चढून आले. वडील कामावर गेले होते. चहा नको म्हणून ते एका स्टुलावर बसले आणि त्यांनी शिष्याला विमान उतरवायला सांगितले. त्याने उतरवले. विमानतळाचे कुंपण ओलांडताच चित्र अडखळले, हिसके बसले, विमान आपटले. शिष्याने वळून पाहिले. त्याच्या चेहऱ्यावर समाधान होते, आणि हे समाधान आचार्यांनी हेरले असावे असे मला वाटते.

आचार्यांनी मग एक विचित्र गोष्ट केली. त्यांनी शिष्याला चित्र होईल तितके वाईट करायला सांगितले. सेटिंगमध्ये जाऊन रेझोल्यूशन, म्हणजे चित्राचा रेखीवपणा, अगदी तळाला ने, म्हणाले. शिष्याला कळेना. कार्डाला आणखी चांगले चित्र काढता यावे म्हणून तो झुरत होता आणि हे आहे ते चित्रही घालवायला निघाले होते. त्याने दोनदा विचारून खात्री करून घेतली आणि नाराजीने आकडे खाली नेले. स्क्रीनवरच्या इमारती विटांच्या ढिगासारख्या झाल्या, झाडांची हिरवी ठिगळे झाली, धावपट्टीवरचे आकडे वाचता येईनात. “आता उतरव,” आचार्य म्हणाले.

तो उतरू लागला. कुंपण ओलांडले आणि चित्र अडखळले. तिथेच, तसेच, तितकेच. वाईट झालेले चित्रही पूर्वीसारखेच हिसके देत होते.

आचार्यांनी पुन्हा एकदा करून पाहायला लावले, कारण एकदा झालेली गोष्ट योगायोगाने होऊ शकते. दुसऱ्या वेळीही तेच झाले. तेव्हा ते म्हणाले, “तुझे वडील पंगती बसवतात, त्यांना विचार. पुऱ्या आल्या नाहीत की लोक वाढप्यावर ओरडतात, कारण समोर तोच दिसतो. पण कढईतून पुऱ्याच निघत नसतील तर वाढपी काय वाढणार? विमान कुठे आहे, वारा किती आहे, कोणती इमारत कुठे उभी आहे, हा सगळा हिशेब तुझ्या यंत्रातला प्रोसेसर करतो. तो आचारी. त्याने सांगितलेलं चित्र रंगवून पडद्यावर आणतं ते कार्ड, तो वाढपी. आपण चित्र वाईट केलं म्हणजे वाढप्याच्या हातातलं ओझं काढून घेतलं. त्याला जवळजवळ रिकामा उभा केला. तरी पुऱ्या तितक्याच उशिरा आल्या. मग नवा वाढपी आणून काय होणार? तो जास्त चांगले कपडे घालून उभा राहील, एवढंच.”

शिष्याने विचारले की चित्र वाईट केल्यावर अडखळणे थांबले असते तर? तर मी तुला आजच्या आज दुकानात पाठवलं असतं, असे आचार्य म्हणाले. ज्याच्यावर आरोप आहे त्याचे ओझे आधी काढून पाहावे. त्रास कमी झाला तर दोष त्याचा, नाही झाला तर दुसरीकडे शोधावे. एवढी साधी परीक्षा न करता आपण कितीतरी माणसांनाही घरातून, कचेरीतून, मनातून काढून टाकतो, असे ते पुढे बोलले. हे वाक्य शिष्याने फारसे मनावर घेतले नाही.

मग या आचाऱ्यावर, म्हणजे प्रोसेसरवर, एवढे काम कोणी टाकले, हे पाहायचे ठरले. चित्र पुन्हा पहिल्यासारखे चांगले केले गेले आणि आचार्यांनी बाकीच्या सेटिंग एकेक करून वाचायला लावल्या. शिष्याने विमानतळावर दुसरी विमाने भरून ठेवली होती. उतरणारी, उडणारी, रांगेत थांबलेली. खाली सामानाच्या गाड्या धावत होत्या. पिवळी जाकिटे घातलेली माणसे फिरत होती. दूरच्या उपनगरातल्या इमारतीसुद्धा शेवटच्या खिडकीपर्यंत काढून ठेवल्या होत्या. हे सगळे कुठे आहे, कुठे चालले आहे, याचा हिशेब बिचारा प्रोसेसर क्षणाक्षणाला करत होता. हे कशासाठी, असे आचार्यांनी विचारले तेव्हा खरे वाटावे म्हणून, असे उत्तर आले. थोड्या वेळाने शिष्याने हेही सांगितले की तो उड्डाणांचे व्हिडिओ करून मित्रांना पाठवत असे आणि रिकामा विमानतळ बरा दिसत नसे.

आचार्यांच्या सांगण्यावरून त्याने विमाने काढली, गाड्या काढल्या, माणसे काढली, लांबच्या इमारती कमी केल्या. विमानतळ ओकाबोका झाला. मग त्याने विमान आणले, कुंपण ओलांडले, आणि चित्र जराही अडखळले नाही. धावपट्टी संथपणे जवळ येत राहिली. कार्ड तेच होते, जुने.

शिष्य खुर्चीवरून अर्धा उठला. त्याने हसून आचार्यांचे हात धरले आणि लगेच वडिलांना फोन लावला, कारण वडील त्याच दिवशी काम आटोपून दुकानात जाणार होते. फोन वाजत राहिला. मंगल कार्यालयात बँड वाजत असताना खिशातला फोन कोणाला ऐकू येणार? त्याने पुन्हा लावला, मग निरोप टाकला की कार्ड आणू नका. वडील निरोप कधी वाचत नसत, हे त्याला माहीत होते. तरी त्याला फार हलके वाटत होते. दुखणे सापडले होते, फुकटात बरे झाले होते, आणि परीक्षेला अजून काही दिवस होते.

इथे ही गोष्ट संपवावी असा मोह मला होतो. सभागृहात सांगताना मी कधीकधी संपवतोही, आणि लोक टाळ्या वाजवून खूश होऊन घरी जातात. पण गोष्ट इथे संपली नाही, आणि ती संपल्याचे सोंग करणे बरे नव्हे.

आचार्य स्टुलावरून उठले नव्हते. “चित्र सुधारलं,” ते म्हणाले, “पण विमान आपटलंच की.”

आनंदाच्या भरात शिष्याचे तिकडे लक्षच गेले नव्हते. चित्र अडखळले नव्हते, धावपट्टी स्वच्छ दिसत होती, आणि तरीही चाके दाणकन टेकून विमान उसळले होते. तो म्हणाला, सवय नाही, आता करतो. त्याने पुन्हा केले आणि पुन्हा आपटले. आणखी एकदा केले, आणखी एकदा आपटले. आता त्याच्या कपाळावर घाम आला. दांडा ढिला झाला असेल असे तो म्हणाला, आणि म्हणताना स्वतःच थांबला.

आचार्यांनी आपले स्टूल उचलून पुढे, स्क्रीनच्या शेजारी आणून ठेवले आणि शिष्याकडे तोंड करून बसले. त्यांनी आणखी एक लँडिंग करायला सांगितले. या वेळी त्यांनी विमान पाहिले नाही. ते शिष्याचे डोळे पाहत राहिले. विमान आपटल्याचा आवाज झाला तेव्हा त्यांनी विचारले की स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात काय आहे.

तिथे एक आकडा होता. एका सेकंदात किती चित्रे पडद्यावर येतात हे दाखवणारा. हा छंद असलेली सगळी मंडळी तो आकडा लावून ठेवतात. तो वर गेला की सुखावतात, खाली आला की हळहळतात. शिष्याने ते समजावून सांगितले.

“विमान टेकायच्या आधी माणसानं नजर धावपट्टीच्या पार लांबच्या टोकाला न्यायची असते,” आचार्य म्हणाले. “जमीन किती वर आली ते त्यानंच कळतं. मीच तुला शिकवलं होतं, आणि तेव्हा तू ते करत होतास. आता तू त्याच क्षणाला कोपऱ्यात बघतोस. आकडा पडला का, ते बघतोस. पडला असला की तुला बरं वाटतं. उतरण्याच्या क्षणी तू धावपट्टी बघतच नाहीस, तू कारण बघतोस.”

आचार्यांनी आवाज न चढवता पुढचा प्रश्न विचारला, आणि माझ्या मते हा प्रश्न त्यांनी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. कंपनीच्या यंत्रात तू दोनदा आपटलास, तिथलं चित्र अडखळत होतं का?

“नाही,” शिष्य म्हणाला.

ही एका शब्दाची गोष्ट त्याने इतकी वर्षे कोणालाही सांगितली नव्हती. कंपनीचे ते यंत्र उत्तम होते, त्याचे चित्र पाण्यासारखे वाहत होते. ती साखळी ऐकणाऱ्या कोणालाही हे विचारायचे सुचले नाही, आणि त्यालाही स्वतःला विचारायचे सुचले नाही, किंवा सुचू दिले नाही.

त्याने सेटिंगमध्ये जाऊन तो आकडा बंद केला. मग त्याने आणखी लँडिंग केली, आचार्यांकडे न पाहता, दात आवळून. प्रत्येक वेळी शेवटच्या क्षणी त्याची नजर त्या कोपऱ्यात गेली, जिथे आता काहीच नव्हते. त्याला ते कळत होते आणि थांबवता येत नव्हते. एकदा तर त्याने तो कोपरा डाव्या हाताने झाकला. तेव्हा तो हाताकडे पाहू लागला.

शेवटी त्याने दांडा सोडला आणि ही सवय मोडायला किती दिवस लागतील असे विचारले. आचार्यांना खोटे बोलता येत नसे, हा त्यांचा मोठेपणा होता, आणि त्या दुपारी तो फार जड होता. “जितके दिवस लावायला लागले, निदान तितके,” ते म्हणाले. परीक्षेला तेवढे दिवस नव्हते.

जिन्यात पावले वाजली ती अशा वेळी. वडील आत आले. त्यांच्या हातात कार्डाचा खोका होता, दुकानाच्या पिशवीत न घालता तसाच छातीशी धरलेला. आचार्यांना पाहून त्यांनी खोका टेबलावर ठेवला आणि नमस्कार केला. मग ते दारापाशीच्या खुर्चीत बसले आणि चपला काढायला वाकले. पाय सुजले होते, चपला लवकर निघाल्या नाहीत.

आचार्यांनीच सांगितले. कार्डाचा दोष नव्हता, दुसरीकडे भार पडला होता, तो काढला, चित्र आता नीट चालते, खोका उघडलेला नाही तेव्हा दुकानदार परत घेईल. पुढचे त्यांनी सांगितले नाही. ते सांगायचे काम शिष्याचे होते, आणि ते त्याच्याकडे पाहत थांबले.

पण वडीलच बोलले. “चित्रात काही नव्हतं, ते मला माहीत होतं,” ते म्हणाले.

शिष्याने मान वर केली. वडील पायाची बोटे चोळत होते आणि अगदी साध्या आवाजात बोलत होते. “संध्याकाळी तुझ्या खुर्चीमागं उभा असतो ना मी. तू खाली यायला लागलास की तुझी मान वर जाते, बाजूला. दर वेळी. रस्ता सोडून बाजूला बघणारा माणूस स्कूटर चालवत असता तर मी मागं बसलो नसतो. एकदा सांगायला गेलो तुला. तू म्हणालास, बाबा, तुम्हाला यातलं काय कळतं. खरंच आहे ते, नाही कळत.”

आचार्यांना राहवले नाही. इतकी वर्षे लोक त्यांना कोडी विचारत आले होते. आज त्यांनी विचारले. हे माहीत असताना या वयात एवढे उभे राहून कार्ड कशासाठी आणले?

वडिलांनी खोक्याकडे पाहिले. “तो कार्ड पाहिजे म्हणाला, सर. त्याच्यासाठी काहीतरी करता येत होतं. उभं राहता येत होतं. त्याची मान सरळ करायला मी कुठं जाणार होतो? दुकानात मिळण्यासारखं एवढंच होतं.”

आचार्य कंबर धरून उठले. जाताना त्यांनी शिष्याच्या खांद्यावर हात ठेवला नाही, मात्र वडिलांना वाकून नमस्कार केला. वडील संकोचून अहो, अहो म्हणत राहिले.

दुसऱ्या दिवशी शिष्याने खोका दुकानात परत नेला. व्यापाऱ्याने तो घेतला आणि मग दुसरे कुठले कार्ड दाखवू, असे विचारले.

परीक्षेचे काय झाले, हे ऐकणारे विचारतातच. तो गेला. त्या मधल्या दिवसांत त्याने जेवढा करता येईल तेवढा सराव केला होता, रिकाम्या विमानतळावर, आकडा बंद करून, आणि कधीकधी ते जमूही लागले होते. परीक्षेत त्याने विमान छान आणले. शेवटच्या क्षणी त्याची नजर वरच्या कोपऱ्यात गेली. विमान आपटले. परीक्षकाने थँक यू म्हटले आणि तो खोलीबाहेर आला.

घरी परतेपर्यंत त्याच्या मनात नाना गोष्टी येऊन गेल्या असतील. तिथली खुर्ची उंच होती, परीक्षक मध्येच बोलला, आदल्या रात्री झोप झाली नव्हती. यातली एखादी खरीही असेल. तो दोन जिने चढून आला तेव्हा वडील घरीच होते. काय झालं, असे त्यांनी विचारले. आजवर या प्रश्नाचे उत्तर द्यायला त्याला बराच वेळ लागत असे आणि त्यात कार्ड येई, प्रोसेसर येई, सगळे जग येई.

“मला जमलं नाही, बाबा,” तो म्हणाला.

वडिलांनी का म्हणून विचारले नाही. ते उठून स्वयंपाकघरात गेले आणि त्यांनी त्याचे पान घेतले. त्या लग्नसराईनंतर ते मंगल कार्यालयात गेले नाहीत. मुलगा आता कुठेशी नोकरी करतो, विमानाशी संबंध नसलेली.

घरात कोणी आपल्यासाठी काही आणले, तर ते कसे चालते हे पाहण्याआधी ते आणावे का लागले हे स्वतःला एकदा विचारावे, आणि उत्तर ऐकताना नजर समोर ठेवावी.